शुक्रवारची सुट्टी आणि रविवारचा वर्ग

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा यंदाचा आदेश असा होता : "तू संगणकातली आहेस, तेव्हा शिक्षणातल्या नव्या तंत्रज्ञानावर काहीतरी छान, आशादायक लिही." आदेशातला 'छान' मी जमेल तसा पाळीन. 'आशादायक'ची हमी देता येत नाही. विद्यापीठांच्या दूरशिक्षणात सध्या 'ब्लेंडेड लर्निंग' या नावाने जे काही चालले आहे, त्यातल्या एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. राग आलेल्या माणसाने छान लिहावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. असो.

ब्लेंडेड म्हणजे मिश्र. थोडे शिक्षण वर्गात समोरासमोर, थोडे पडद्यावर. कल्पना उत्तम आहे. माझे एम.एस्सी. इंग्लंडमध्ये झाले तेही असेच होते. आठवड्याला मोजकी व्याख्याने, बाकीचे वाचन, प्रश्नमंजुषा, चर्चा सगळे विद्यापीठाच्या संगणकावर. पण त्याला कोणी दूरशिक्षण म्हटले नाही. गणित अडले की जिना चढून वर जायचे आणि प्राध्यापकांच्या खोलीचे दार वाजवायचे, एवढी सोय होती. पडदा होता, पण त्याच्या मागे दार होते. माझा मुद्दा त्या दाराचा आहे. मिश्रणात पडदा किती आणि दार किती, आणि मुख्य म्हणजे दार कोणाच्या वाट्याला येते?

हे मिश्रण नवे आहे असा एक गोड गैरसमज आहे. ब्रिटनचे ओपन युनिव्हर्सिटी १९६९ साली स्थापन झाले आणि १९७१ च्या जानेवारीत तिथले पहिले विद्यार्थी शिकू लागले. बीबीसीवर भल्या पहाटे किंवा रात्री उशिरा लागणारी तिची व्याख्याने सर्वांना आठवतात. पण ते विद्यापीठ उभे राहिले ते केवळ दूरचित्रवाणीवर नव्हे. टपालाने घरी येणारी पुस्तके, गावोगावचे ट्यूटर, त्यांनी गृहपाठाच्या समासात लाल शाईने लिहिलेले परिच्छेदच्या परिच्छेद, आणि उन्हाळ्यात आठवडाभर एकत्र राहून करायचा अभ्यास, हे सगळे त्यात होते. 'ब्लेंडेड' हा शब्द फॅशनमध्ये यायच्या कितीतरी आधीचे हे मिश्रण.

आणि आपल्याकडे? नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी सुरू झाले. देशातले ते पाचवे मुक्त विद्यापीठ. आधी आंध्रचे (१९८२), मग दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नू (१९८५), मग कोटा आणि नालंदा (१९८७). नाशिकचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. पदार्थविज्ञानाचा हा माणूस आधी पुणे विद्यापीठाचा कुलगुरू होता, पुढे इग्नूचाही झाला. २०२३ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी आली, आणि त्यांच्या विद्यापीठातून पदवी घेतलेले लाखो लोक, शिपाई, अंगणवाडीताई, पोलीस, शेतकरी, ती वाचून पुढच्या पानाकडे वळले असतील.

'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्या विद्यापीठाचे ब्रीद. त्यामागची रचना मला आजही अभ्यासण्यासारखी वाटते. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम होता. तो पार केला की पदवीचे दार उघडे. पुस्तके मराठीत, आणि वाचणाऱ्याने एकट्याने वाचावीत अशी मुद्दाम लिहिलेली. मध्ये थांबवून प्रश्न विचारणारी, मागे जाऊन पुन्हा बघा म्हणणारी. गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे. तिथे नेमलेला शिक्षक, त्याला 'समंत्रक' असा जरा जड शब्द, आणि सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्र. म्हणजे पुस्तक एकट्याने वाचायचे आणि जे अडेल ते घेऊन रविवारी केंद्रावर जायचे. शेतीच्या शिक्षणक्रमांना प्रात्यक्षिकही असे. द्राक्षाची छाटणी पुस्तकातून येत नाही, हे नाशिकच्या विद्यापीठाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता कबूल करायला हवे की ही संपर्कसत्रे सगळीकडे नीट चालत नव्हती. समंत्रक यायचे नाहीत, आले तर विद्यार्थी यायचे नाहीत, दोघे आले तर वर्गाची किल्ली असलेला शिपाई यायचा नाही. मानधन तुटपुंजे. कित्येक केंद्रांवर 'परीक्षेला येणारे प्रश्न' नावाची दहा पाने झेरॉक्स करून वाटणे हेच समंत्रण. ज्यांनी हे भोगले आहे ते माझ्या लेखावर हसतील. तरी मी म्हणते की ते दार होते. वाईट लागलेले, कुरकुरणारे, कधीकधी कुलूपबंद, पण दार होते. बिघडलेले दार दुरुस्त करायचे असते, तिथे भिंत घालून त्यावर दाराचे चित्र काढायचे नसते.

चित्र काढणे कसे चालते ते सांगते, कारण माझा धंदाच त्या रंगांचा आहे. विद्यापीठे आणि शाळांसाठी 'लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम' बसवणे हे माझ्या कामाचा एक भाग. मूडलसारखी प्रणाली असते, तीत विद्यार्थ्याने कधी लॉगिन केले, कोणती फाइल उघडली, व्हिडिओ किती मिनिटे चालला, सगळे दिसते. त्याचा रंगीत अहवाल निघतो आणि तो बैठकीत झळकतो. पण व्हिडिओ चालू असताना विद्यार्थी ऐकत होता की भाजी चिरत होता, हे त्यात दिसत नाही. आणि ज्याने लॉगिनच केले नाही तो तर अहवालात नसतोच. हजेरीपटावर निदान गैरहजर माणसाचे नाव तरी असायचे!

एक छोटा हिशेब. एका तासाचे व्याख्यान मध्यम दर्जाच्या व्हिडिओत साधारण तीनशे ते पाचशे एमबी होते. तेच व्याख्यान नुसत्या आवाजात तीसेक एमबी. त्याच विषयाचे दोनशे पानी पुस्तक, फक्त मजकूर असेल तर, पाच एमबीच्या आत. छापील पुस्तकाला शून्य. विद्यापीठांनी गेल्या काही वर्षांत भर कशावर दिला? व्हिडिओवर. २०१६ नंतर भारतात डेटा स्वस्त झाला हे खरे, पण उपकरण आणि एकांत स्वस्त झालेले नाहीत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या शंभरातल्या साडेचार घरांतही संगणक नव्हता, ४.४ टक्के हा आकडा. शहरांत २३.४. मोबाइल बहुतेकांकडे आला, पण घरात चौघांत एक असेल तर तो आधी कोणाच्या हातात जातो हे मराठी घरात वाढलेल्या कुठल्याही मुलीला विचारा. सुनेला विचारलेत तर आणखी नेमके उत्तर मिळेल.

इग्नूने छापील पुस्तके नकोत म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला शुल्कात १५ टक्के सवलत देऊ केली होती. वरवर पाहता उदार योजना. पण पुस्तक सोडून पैसे कोण वाचवणार? ज्याच्याकडे मोठा लॅपटॉप आणि प्रिंटर आहे तो? का ज्याला शुल्क भरतानाच नाकी नऊ येतात तो? पुस्तकाची सर्वांत जास्त गरज असलेल्या माणसालाच पुस्तक सोडण्याचे बक्षीस मिळते. यात कोणाचा वाईट हेतू होता असे मी म्हणत नाही. छपाई, गोदाम, टपाल यांचा खर्च मलाही कळतो. हेतू चांगला असून असे होते, हेच जास्त चिंतेचे.

आता टक्केवारीची गंमत पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र अध्ययनाचे एक टिपण काढले. नेहमीच्या महाविद्यालयांनी कोणत्याही विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवावा, उरलेला ६० वर्गात, असा त्याचा सूर. म्हणजे आधीच रोज वर्गात बसणाऱ्या मुलाला साठ टक्के शिक्षक राखून ठेवला. दूरशिक्षणातल्या विद्यार्थ्याचे काय? तिथे एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांचा विषय एकशेवीस तासांचा. त्यातली संपर्कसत्रे साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बाराएक तास. त्याच्या ताटात शिक्षक होताच तेवढा. लोणच्याच्या फोडीएवढा. आणि 'आता आपण ब्लेंडेड झालो' असे म्हणत तेही बारा तास झूमच्या एका लिंकवर नेले, तर मिश्रण कसले झाले? महाविद्यालयात मिश्रण म्हणजे शिक्षकात पडद्याची भर. दूरशिक्षणात मिश्रण म्हणजे शिक्षकाच्या जागी पडदा. शब्द एकच आहे म्हणून आपण फसतो.

इथपर्यंत वाचून बहरीनमधल्या वाचकाला वाटेल की हे सगळे नाशिक-दिल्लीचे दुखणे, आपल्याला काय त्याचे. तर मंडळी, आता अदलियात येऊ या.

आमच्या इमारतीत एक ताई राहतात. बी.कॉम.चे दुसरे वर्ष झाले आणि लग्न ठरले, मग बहरीन, मग दोन मुले. चाळिशी जवळ आल्यावर त्यांनी भारतातल्या एका विद्यापीठात दूरशिक्षणाने पदवी पुरी करायची ठरवली. नाव मुद्दाम देत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या विद्यापीठात वेगळे घडले असते असे मला वाटत नाही. संपर्कसत्रे ऑनलाइन, म्हणजे जगात कुठूनही बसा! वेळ रविवारी सकाळी दहा. भारतात तो सुट्टीचा दिवस. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवार हा आठवड्याचा पहिला दिवस. भारतातले दहा म्हणजे इथले साडेसात. मुलांची बस, दोन डबे, नवऱ्याची ऑफिसची घाई, आणि टेबलावर उघडा लॅपटॉप, त्यातून एक सर वस्तू व सेवा कर समजावून सांगत आहेत. 'रेकॉर्डिंग नंतर मिळेल' असे सांगितले होते. मिळालेही. गृहपाठ जमा करायची तारीख उलटून गेल्यावर.

सलमाबादच्या कामगार वसाहतीत राहणारा चिपळूणकडचा एक मुलगा मंडळाच्या गणपतीत ढोल वाजवायला येतो. एसी दुरुस्तीचे काम, आठवड्यातून एकच दिवस सुट्टी, शुक्रवार. बारावीनंतर शिक्षण सुटले, पदवी हवी आहे, कारण पदवी असली तर सुपरवायझर होता येईल असे त्याला साहेबांनी सांगितले आहे. फोन त्याच्याकडे माझ्यापेक्षा चांगला आहे. डेटाही आहे. नाही ते टेबल, आणि नाही तो आवाज न होणारा एक तास. सहा जणांच्या खोलीत कोणी झोपलेले, कोणी गावाकडे बोलते आहे. त्याने मला विचारले, "मॅडम, ह्याचं पुस्तक मिळंल का हो, कागदाचं?" जगातली सगळी ई-पुस्तके खिशात असलेल्या मुलाचा हा प्रश्न होता.

आपल्याकडे याचे उत्तर फार जुने आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रशाळा काढली. दिवसा राबणाऱ्याने दिवसा शाळेत यावे अशी अपेक्षा धरली नाही, शाळेचे घड्याळ मजुराच्या घड्याळाला लावले. पुढे मुंबईत गिरणगावाच्या आसपास रात्रशाळा चालल्या त्याही ह्याच हिशेबाने. समान संधी म्हणजे सगळ्यांना एकच लिंक पाठवणे नव्हे, हे १८५५ मध्ये कळले होते. मग आपल्या सर्व्हरवाल्या विद्यापीठांना संपर्कसत्राचा एक वर्ग शुक्रवारी ठेवणे का जमू नये? आखातात लाखो भारतीय राहतात, हा काही छुपा आकडा नाही. यात तंत्रज्ञानाची अडचण शून्य आहे. ते मी धंद्याने सांगते.

अडचण नियमांची मात्र आहे. राज्याच्या मुक्त विद्यापीठाचे दूरशिक्षण राज्याच्या हद्दीत, त्यामुळे नाशिकचे केंद्र मनामात निघणार नाही. २०२० च्या नियमावलीने पूर्ण ऑनलाइन शिक्षणक्रमांना हद्दीचे बंधन ठेवले नाही. म्हणजे परदेशातल्या मराठी माणसाला एक तर सगळे पडद्यावर, नाहीतर काहीच नाही. मिश्र शिक्षण, ज्याच्या नावाने एवढा उत्सव चालला आहे, तेवढेच त्याला मिळू शकत नाही! इग्नूने आखाती देशांत, बहरीनमध्येही, अभ्यासकेंद्र दिले. हा मार्ग योग्य होता, कारण केंद्र इथले असेल तर घड्याळही इथले लावता येते. पण परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क डॉलरमध्ये, भारतातल्या शुल्काच्या कित्येक पट. सलमाबादच्या मुलाला 'आंतरराष्ट्रीय विद्यार्थी' म्हणणे म्हणजे थट्टाच. आणि पुस्तके इंग्रजी वा हिंदीत. 'ज्ञानगंगा घरोघरी' मराठीत वाहते ती राज्याच्या हद्दीपाशी येऊन थांबते.

तुलनेसाठी शेजारी पाहा. अरब ओपन युनिव्हर्सिटी २००२ मध्ये सुरू झाली, मुख्यालय कुवेतमध्ये, आणि तिची एक शाखा आपल्या बहरीनमध्ये आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीशी करार करून तिचे अभ्यासक्रम आले. पण तिने अभ्यासक्रमाबरोबर इमारतही आणली. काही तास वर्गात येणे आहेच, उरलेले घरी. अरब जगातल्या नोकरदारांसाठी, गृहिणींसाठी ती आहे, आणि शाखा त्यांच्या शहरात आहे. शुल्क आपल्या एसीवाल्या मुलाला परवडणार नाही, तो मुद्दा वेगळा. पण मिश्रणातला माणसाचा भाग विद्यार्थ्याच्या गावात असायला हवा, हे त्यांनी ओळखले.

आपल्याकडेही एकाने ते ओळखले होते, आणि विद्यापीठांच्या बाहेर राहून. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन निघाली आणि तिच्या एमएस-सीआयटीने तालुक्याच्या गावांत केंद्रे उघडली. अभ्यास संगणकावर, पण संगणक केंद्रात, आणि शेजारी मदतीला एक माणूस. ज्याच्या घरी संगणक नाही तोही शिकला. त्या प्रमाणपत्राला सरकारी नोकरीसाठी सक्तीची जोड मिळाली आणि मग कित्येकांनी ते केवळ कागदासाठी केले, ही टीका बरोबर आहे. त्या अभ्यासक्रमाच्या खोलीबद्दल माझे व्यावसायिक मत फार चांगले नाही. पण उपकरणाचा भार विद्यार्थ्यावर टाकायचा नाही, ही रचना मात्र शंभर टक्के बरोबर होती. तीच विद्यापीठांनी पदवीसाठी का उचलली नाही, हे कोडे आहे.

आणखी एक गोष्ट इथलीच म्हणून सांगते. शिक्षणातल्या माहिती-तंत्रज्ञानासाठी युनेस्को जो राजे हमद बिन इसा अल खलिफा पुरस्कार देते, तो २००५ मध्ये बहरीनच्या पाठबळाने सुरू झाला. २०२१ चा पुरस्कार आपल्या एनसीईआरटीच्या सीआयईटी संस्थेला मिळाला. करोनाकाळात त्यांनी शाळेच्या मुलांसाठी दूरचित्रवाणीच्या वाहिन्या, रेडिओ आणि इंटरनेट असे तिन्ही वापरले. म्हणजे ज्याच्याकडे जे आहे त्यावर धडा पोहोचवायचा. शाळेसाठी हे सुचते, पुरस्कारही मिळतो. पदवीच्या विद्यार्थ्याकडे मात्र लॅपटॉप, ब्रॉडबँड आणि बंद दाराची खोली आहे असे गृहीत धरूनच वेळापत्रक लागते.

पदवीच्या किमतीचे काय, असे कोणी विचारील. आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. कागदावर बरोबरी झाली, चांगले झाले. पण पदवी बरोबरीची आणि शिकवणे दशांशाचे, ही बरोबरी विद्यार्थ्याच्या अंगावर येते. मुलाखतीत त्याला विचारले जाणारे प्रश्न आयोगाचे पत्रक वाचून ठरत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. मिश्रणातला माणसाचा वाटा आधी ठरवा, आणि तो सर्वांत कमी साधने असलेल्याला आधी द्या. व्हिडिओ नंतर करा, किंवा करूच नका, आवाजाच्या फाइली पुरतात. पुस्तक छापा. गृहपाठ तपासणाऱ्याला नीट मानधन द्या आणि त्याने दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत असा नियम करा. समासातल्या त्या दोन ओळी म्हणजे दूरशिक्षणातले खरे दार, आणि त्यांना ना झूम लागते, ना रविवार. परीक्षाकेंद्र आखातात द्या. दोन पेपरांसाठी विमानाचे तिकीट आणि पंधरा दिवसांची रजा काढणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि रजा न मिळाल्याने वर्ष घालवणारीही.

हे सगळे विद्यापीठांनी करायचे. तोवर आपल्या हातातले थोडे. शुक्रवारी सकाळी मंडळाची ढोल-ताशाची तालीम संपल्यावर तीच जागा दुपारपर्यंत रिकामी असते. टेबले आहेत, वायफाय आहे, एसी तर आहेच, तो दुरुस्त करणाराही आपलाच. वाणिज्य आणि गणित शिकवू शकतील असे निदान पाच-सहा जण सभासदांत आहेत, त्यांतल्या तिघांनी होकार दिला आहे. ज्यांच्याकडे मुक्त विद्यापीठाची किंवा कुठल्याही विद्यापीठाची बी.ए., बी.कॉम.ची जुनी मराठी पुस्तके असतील त्यांनी ती सुट्टीवरून परत येताना जरूर आणावीत. वजनाची काळजी वाटली तर लोणच्याची एक बरणी कमी आणा. पुस्तके कार्यकारिणीकडे किंवा माझ्याकडे अदलियात पोहोचवलीत तरी चालेल. पहिल्या वर्षाचे अर्थशास्त्र आणि हिशेबशास्त्र सगळ्यात आधी हवे आहे.